क्रूझवर रात्री मुलांजवळ कोण बसणार?

गेल्या डिसेंबरात आम्ही मुंबईहून बोटीने लक्षद्वीप आणि गोवा करून आलो. चार रात्री, पाच दिवस. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी तरुण जोडपं बाजूला घेऊन विचारतंच, "आमची मुलं लहान आहेत, क्रूझवर जावं का?" मी उलट दोन प्रश्न विचारतो. मूल केवढं आहे? आणि रात्री ते झोपल्यावर त्याच्याजवळ कोण बसणार? पहिल्याचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्या प्रश्नावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि मग म्हणतात, "आई येणार आहेत ना बरोबर."

म्हणून हा लेख. आमच्याबरोबरही आई होती. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा, आम्ही दोघं आणि आई.

आधी वयाचं बघू. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत. सलग बरेच दिवस समुद्रात असणाऱ्या सफरींना ही अट बारा महिन्यांची असते. घरात कुणी गरोदर असेल तर तेही आधी विचारा, कारण चोविसावा आठवडा लागला की साधारणपणे बोटीवर घेत नाहीत. हे नियम तिकिटाच्या अटींमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात असतात, आणि बंदरावर जाऊन वाद घालून काही होत नाही. मुलांची आधार कार्डं आणि जन्मदाखले बरोबर ठेवा. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो बोटीच्या तिकिटाबरोबर कंपनी काढून देणार की तुम्ही काढायचा, हे लेखी विचारून घ्या. तिकिटाचा जाहिरातीतला आकडा पाहून हुरळून जाऊ नका. बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क त्यात धरलंय का, ते पाहा. चार-पाच माणसांचं कुटुंब असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

माझ्या मते अडीच ते पाच हे वय सर्वांत अवघड. तान्हं बाळ झोपतं, दूध पितं, कडेवर राहतं. सहा वर्षांची मुलगी मुलांच्या खेळघरात रमते. पण बहुतेक बोटींवर खेळघरात तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच एकटं ठेवून घेतात. त्याखालच्यांबरोबर आईबाबांपैकी एकाने बसायचं. पोहण्याच्या तलावाचंही तेच. डायपर लावणाऱ्या मुलाला तलावात उतरू देत नाहीत. पोहण्याचे खास डायपर असले तरी नाही. हा नियम स्वच्छतेसाठी आहे आणि तो योग्यच आहे, पण अडीच वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगणं कठीण. ताई पाण्यात आणि आपण काठावर! आम्ही सोबत नेलेल्या छोट्या प्लास्टिकच्या बादलीने तिथे आमची लाज राखली. बादलीत पाणी, दोन वाट्या आणि एक चमचा दिला की तो अर्धा तास रमायचा.

ती बादली आणखी एका कामाला आली. केबिनच्या न्हाणीघरात टब नसतो, फक्त शॉवर असतो, तोही एका माणसाला जेमतेम पुरेल एवढ्या जागेत. शॉवरला घाबरणाऱ्या मुलाला बादली-मगाशिवाय अंघोळ घालून दाखवा.

सामानाबद्दल आणखी थोडं. बंदरावर बॅगा ताब्यात घेतात आणि त्या केबिनपाशी कधीकधी चार-पाच तासांनी येतात. तेवढ्या वेळात लागणारं सगळं, म्हणजे डायपर, औषधं, कपड्यांचा एक जोड, झोपताना लागणारी गोधडी, हातातल्या पिशवीत ठेवा. केटल, इस्त्री, छोटा कुकर हे अजिबात नेऊ नका. आगीच्या भीतीने बोटीवर तापणाऱ्या वस्तू काढून घेतात. मऊ भात केबिनमध्येच लावू, असा बेत आपल्याकडे हमखास होतो, तो सोडून द्या. बाहेरचं खाणंही सहसा नेऊ देत नाहीत, पण बाळाच्या खाण्याला सूट असते. आम्ही मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व नेलं होतं. साधा भात, वरण, दही, उकडलेला बटाटा बोटीवर मिळतो. मागितलं तर गरम पाणीही आणून देतात. थेपले मात्र घरीच राहिले, आणि बडोद्याच्या माणसाला ते जड जातं.

केबिन निवडताना सगळे बाल्कनीच्या मागे लागतात. लहान मुलं असतील तर मी बाल्कनी घेऊ नका असंच म्हणेन. कठडा मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येतो हे खरं, पण तिथेच दोन खुर्च्या आणि एक टेबलही ठेवलेलं असतं, आणि चढायला शिकलेल्या मुलाला खुर्ची ओढता येते. घ्यायचीच असेल तर खुर्च्या आत घ्या आणि दाराची वरची कडी कायम लावून ठेवा. आम्ही नुसती खिडकीची केबिन घेतली, तीही खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर. बोट हलते तेव्हा पुढचं आणि मागचं टोक जास्त वरखाली होतं, आणि वरच्या मजल्यांवर हेलकावा जास्त जाणवतो. मध्यावर, खाली, सगळ्यात कमी. ही जागा सहसा स्वस्तही असते. बाळाचा पाळणा किंवा खाट हवी असेल तर आरक्षणाच्या वेळीच लिहून द्या, त्या मोजक्याच असतात. आणखी एक गोष्ट म्हणजे बोटीवरची दारं. ती जड असतात. डेकवरची दारं वाऱ्याने धाडकन बंद होतात. मुलांची बोटं सांभाळा.

आपल्याकडे "बोट लागणं" हा शब्दच आहे. बसची गाडी लागते, तशी बोट लागते. दोन वर्षांखालच्या मुलांना ती फारशी लागत नाही. त्रास होतो तो त्यापुढच्या मुलांना आणि मोठ्यांना. मुंबईहून निघणाऱ्या सफरींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, तेव्हा अरबी समुद्र शांत असतो. मळमळणाऱ्या मुलाला केबिनमध्ये आडवं करून मोबाइल हातात देणं हा सगळ्यात वाईट उपाय. त्याला डेकवर न्या, वारा लागू द्या, लांबची क्षितिजाची रेघ दाखवा, कोरडं काहीतरी खायला द्या. मळमळीच्या गोळ्या मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नसते. आईने आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या. पहिल्या रात्री आमच्यात फक्त मला बोट लागली आणि तिच्या वड्या मीच संपवल्या.

बोट सुटण्याआधी सगळ्यांना गोळा करून आणीबाणीची तालीम होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, की आपापल्या जमण्याच्या जागी जायचं. पूर्वी ही तालीम बोट सुटल्यानंतर चोवीस तासांत घेतली तरी चालायची. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट खडकावर आदळून कलंडली आणि 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या कित्येक प्रवाशांची तालीम झालेलीच नव्हती. 2015 पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच तालीम घ्यावीच लागते. लोक तेवढ्या वेळात सेल्फी काढत असतात.

मुलांच्या आईबाबांनी तिथे एक गोष्ट करायची असते. केबिनच्या कपाटात जीवरक्षक जाकिटं असतात ती बहुधा मोठ्यांची. मोठ्यांचं जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटून जातं. पंधरा किलोखालच्या बाळांसाठी वेगळं जाकीट असतं, आणि पंधरा ते त्रेचाळीस किलोच्या मुलांसाठी वेगळं. चोवीस तासांहून लांबच्या सफरीत प्रत्येक बाळामागे एक बाळाचं जाकीट बोटीवर असलंच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. आमचा मुलगा साडेबारा किलोचा, मुलगी वीसची. केबिन सांभाळणाऱ्या मुलाला वजनं सांगितली, त्याने दहा मिनिटांत दोन्ही जाकिटं आणून दिली. आम्ही ती मुलांना एकदा घालून, पट्टे ओढून पाहिली. मुलाने रडून गोंधळ घातला. तो गोंधळ तेव्हाच झालेला बरा.

आईने हे सगळं फार गंभीरपणे केलं. तिचं माहेर मालवणकडचं. तिच्या लहानपणी गावी जायचं ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा आईचा जन्मही झालेला नव्हता, पण कोकणातल्या घराघरांत त्या बोटीची गोष्ट सांगितली जायची. जाकिटाचा पट्टा नीट आवळला आहे की नाही, हे ती मुलांचंच नाही, माझंही पाहत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी लक्षद्वीप आलं. इथे एक माहिती महत्त्वाची, कारण ती जाहिरातीत ठळक नसते. मोठी बोट बेटाच्या धक्क्याला लागत नाही. ती बाहेर नांगर टाकते आणि प्रवासी छोट्या होड्यांतून बेटावर जातात. समुद्र थोडा जरी उसळला तरी मोठी बोट एका तालात हलते आणि होडी दुसऱ्या. मधल्या फटीवरून पाय टाकायचा असतो. खलाशी दोन्ही बाजूंनी धरतात, मुलाला हातोहात घेतात. आमच्या वेळी समुद्र शांत होता म्हणून आम्ही गेलो. दोन वर्षांखालचं मूल असतं किंवा लाटा असत्या तर मी गेलो नसतो. समुद्र खराब असेल तर उतरणं रद्दही होतं, म्हणून मुलांना आधीपासून "बेटावर जायचं, बेटावर जायचं" असं सांगून ठेवू नका.

आमच्या सगळ्यांत सहज उतरली ती आई. होडी वर आली की पाय टाकायचा, खाली जात असताना नाही, असं तिनेच माझ्या बायकोला सांगितलं. जुन्या कोकण बोटीही बऱ्याच बंदरांत बाहेर उभ्या राहायच्या आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर जायची. सात-आठ वर्षांची असताना ती हातात बोचकं धरून पडावात उतरत असे. हे मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकलं, तेही होडीत बसल्यावर, कारण मुलीने विचारलं, "आजी, तुला कसं येतं?" घरी असताना आम्ही तिला असलं काही विचारलंच नव्हतं.

बेटावर ऊन कडक असतं आणि सावली कमी. टोपी, पातळ पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पाणी घ्या. प्रवाळाचे तुकडे आणायला बंदी आहे, त्यामुळे निघताना मुलांचे खिसे तपासा. मुलीच्या खिशात तीन निघाले.

त्या रात्री मुलाला ताप आला. रात्री दोन वाजता अंग भाजत होतं, काट्यावर 102 होता. किनारा कितीतरी लांब, मोबाइलला रेंज नाही, बडोद्याच्या आमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन करायची सोय नाही. अशा वेळी तुमच्याजवळ जे आहे तेवढंच असतं. आमच्याजवळ थर्मामीटर होता, तापाचं औषध होतं आणि डॉक्टरांनी निघण्याआधी त्यांच्या अक्षरात लिहून दिलेली चिठ्ठी होती. कोणतं औषध, त्याच्या वजनाला किती मिली, किती तासांनी, आणि कोणत्या लक्षणांवर वाट पाहायची नाही. तापाच्या औषधाचं प्रमाण मुलाच्या वजनावर असतं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत औषधाची तीव्रता वेगळी असते. त्यामुळे जी बाटली नेणार तीच डॉक्टरांना दाखवून लिहून घ्या. रात्री दोनला झोपेत आणि घाबरलेल्या अवस्थेत हिशेब करायची वेळ येऊ नये.

बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर आणि नर्स असतात. पण ते बालरोगतज्ज्ञ असतीलच असं नाही, आणि तिथे मोठं रुग्णालयही नसतं. जे जमेल ते करतात आणि प्रकृती गंभीर झाली तर पुढच्या बंदरात उतरवतात. फारच वेळ आली तर तटरक्षक दलाला कळवतात. आमचे डॉक्टर शांत होते. छाती, घसा, कान तपासले, साधा विषाणूचा ताप वाटतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला केबिनमध्येच ठेवा असं सांगितलं. तपासणीचे पैसे वेगळे लागतात आणि ते केबिनच्या बिलात येतात. आपल्या नेहमीच्या आरोग्य विम्यात अशी बाह्यरुग्ण तपासणी सहसा नसते. प्रवास विमा घेताना बोटीवरचा उपचार आणि बोटीतून हलवण्याचा खर्च, हे दोन्ही धरले आहेत का, तेवढं विचारा. हात धुण्याबद्दलही सांगतो. बोटीवर जागोजागी सॅनिटायझर असतं, पण जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर ते पुरेसं पडत नाही. साबण आणि पाणीच हवं. जेवणाआधी मुलांना बेसिनपर्यंत नेण्याचा कंटाळा करू नका.

चौथ्या दिवशी सकाळी बोट गोव्याला लागली. ताप उतरत होता, पण मुलाला बाहेर नेणं शक्य नव्हतं. नाश्त्याला आई म्हणाली, "तुम्ही तिघं जा. मी बसते त्याच्याजवळ. मला काय, गोवा बघितलेलं आहे." गोवा तिने शेवटचं पाहिलं होतं ते लग्नाआधी.

आपल्या घरांमध्ये हे वाक्य येतंच, आणि ते इतकं सहज येतं की आपण हो म्हणून मोकळे होतो. कार्यक्रम रात्री नऊला सुरू होतो, मुलं आठला झोपतात, आणि झोपलेल्या मुलांना केबिनमध्ये एकटं सोडता येत नाही. काहीजण बाळाचा आवाज ऐकवणारं यंत्र नेतात. माझा व्यवसाय या असल्या यंत्रांच्या जवळचा आहे, म्हणून सांगतो, पोलादी भिंतींमधून ते भरवशाने चालत नाही आणि चाललं तरी तुम्ही पाच मजले लांब असता. म्हणजे कुणीतरी बसायचंच. ते कुणीतरी न ठरवता आजी होते. चार रात्री आजी केबिनमध्ये, आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगायचं की आईंना क्रूझ घडवली.

बायकोने आणि मी निघण्याआधीच कागदावर वाटणी केली होती. पहिली रात्र माझी, दुसरी तिची, तिसरी पुन्हा माझी, चौथी आईची, तेही तिने मागून घेतली म्हणून. पहिल्या रात्री मी तसाही आडवाच होतो. दुसऱ्या रात्री आई आणि मी नाटकगृहात जादूचे प्रयोग पाहिले आणि नंतर डेकवर आइसक्रीम खाल्लं. गेल्या दहा वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे बसलो होतो, आठवत नाही.

त्यामुळे गोव्याच्या दिवशी मी केबिनमध्ये थांबलो. आईने दोन-तीनदा नको नको म्हटलं आणि मग पर्स घेऊन निघाली.

गोव्यात बोट मुरगाव बंदराला लागते, पणजीला नाही. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, कळंगुट त्याहून पुढे. हाताशी सहा-सात तास असतात आणि परत चढण्याची वेळ ठरलेली असते. तुमच्या टॅक्सीसाठी बोट थांबत नाही. गोव्यातले वाचक हसतील, पण लहान मुलं बरोबर असतील तर वास्कोच्या आसपासच राहावं. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. मोकळ्या जागेत उभी असलेली जुनी विमानं आणि हेलिकॉप्टरं मुलांना जवळून पाहता येतात. सोमवारी ते बंद असतं. तिथून बोगमाळोचा समुद्रकिनारा अगदी जवळ. माझी बायको, मुलगी आणि आई एवढंच करून, किनाऱ्यावर मासे खाऊन चारच्या आत परत आल्या. मुलगी भावाला विमानांची नावं सांगत बसली, सगळी चुकीची.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर फोन कधीकधी बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल थक्क करणारं असतं. बोट सुटली की फोन विमान-मोडवर टाका, मुलांच्या हातातला सुद्धा. आणि मुंबईला उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्या रात्रीच खाली नेतात आणि सकाळी धक्क्यावर मिळतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधीच बाहेर काढून ठेवा. आमच्या शेजारच्या केबिनमधलं कुटुंब बॅलार्ड पिअरला उतरलं तेव्हा त्यांचा मुलगा अस्वलांची चित्रं असलेल्या रात्रीच्या पायजम्यात, बाबांच्या मोठ्या चपला घालून फटक फटक चालत होता. आमच्या मुलाला तो पायजमा इतका आवडला की आता घरी तसाच हवा आहे.